पाठीच्या खालच्या पाच ओळी

१

रविवारी सकाळी सात वाजता शिवानी आमच्या घरातून दुकानात गेली आणि किंचाळली, तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचणीच्या भाकऱ्या थापत होते. पोरं दिवसभर पुण्यात राहणार, तिथं मिळणार ते सगळं मैद्याचं, म्हणून मी साडेपाचपासून गॅससमोर उभी. मध्येच सहाच्या सुमारास दुकानात उघडणाऱ्या आतल्या दाराची कडी वाजली होती. राजनंदिनी, माझी मुलगी, पोरांची राजू, उठली असेल म्हणून मी मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

हात तसेच पिठाचे घेऊन मी धावले.

भोरच्या एसटी स्टँडमागे माझं शिवणाचं दुकान आहे. पुढे दोन मशिनं, मागे पत्र्याची खोली. त्या खोलीत चार पोरांनी पाच महिने खपून एक पोशाख केला होता. कॉस्प्ले म्हणतात त्याला. पहिल्यांदा मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे बहुरूपीच की! चौघंही चिडले. बहुरूपी दारोदार फिरतो आणि हे तिकीट काढून एका हॉलमध्ये जमतात, एवढाच फरक मला दिसला होता. पुढे त्यांचं काम पाहिलं आणि मी तोंड बंद केलं.

पोशाखाचं नाव खवलीण. चौघांच्या डोक्यातून निघालेली डोंगराची राखणदारीण, अंगावर खवले मांजरासारखे खवले. फोमच्या चटया कापून चारशे खवले केले होते. एकेक गरम करून वाकवलेला, रबर सोल्युशन लावून अंगरख्यावर ओळीनं चिकटवलेला, आणि वरून गाड्यांना मारतात तो रंग. कितीही वेळा पाहिलं तरी वाटायचं, हे जनावर आता कूस बदलणार.

तो अंगरखा आता खुंटीला लटकत होता आणि कमरेपाशी त्याची पाठ उघडी पडली होती. खालच्या पाच ओळी गळालेल्या. जमिनीवर खवल्यांचा ढीग, ढिगाशेजारी थिनरची रिकामी बाटली, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं.

शिवानी भिंतीला टेकून रडत होती. राजनंदिनी ओल्या केसांनी दारात उभी होती. मी वाकून ढिगाच्या कडेचा एक खवला उचलला, उलटा केला, त्यावर अंगठा फिरवला. बोटाला पांढरं लागलं. पिठाचे हात, असं म्हणून मी ते पदराला पुसलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि गोरख आत आला. त्यानं अंगरख्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, बाटली पायानं लोटली.

"मावशी," तो म्हणाला, "थिनर कुणाचं हाय, हे इचारायची गरजच न्हाई."

२

थिनर प्रेमचं होतं.

प्रेम वेल्ह्याकडचा. कापूरहोळच्या एका गॅरेजात गाड्या रंगवतो. वय तेवीस, बोलणं कमी, आणि हात असा की फोमच्या तुकड्याला तो शिंगासारखा, हाडासारखा, पाहिजे तसा दाखवील. खवलिणीचं पहिलं चित्र त्यानं काढलं, खवले त्यानं कापले, रंग त्याचा. गोरख भोंगवलीचा, त्यानं शेपटीतली स्प्रिंग आणि डोळ्यांतले दिवे केले. टेम्पोही त्याच्याच बापाचा. शिवानी हिर्डोशीची. तिकडं एसटीचा भरवसा नाही म्हणून आठवडाभर भोरला आत्याकडे राहते. पोशाख तिच्या मापाचा, घालणारी ती. आणि आतलं सगळं शिवण राजनंदिनीचं.

काम चौघांचं होतं, पण पुण्याच्या त्या कन्व्हेन्शनच्या, म्हणजे कॉस्प्लेच्या मेळाव्यातल्या स्पर्धेच्या, फॉर्मवर दोनच नावं बसत होती. एक घालणाऱ्याचं, एक घडवणाऱ्याचं. आणि यंदा पहिल्या आलेल्या पोशाखाच्या घडवणाऱ्याला नुसती ढाल मिळणार नव्हती. मुंबईत नाटक-सिनेमांचे पोशाख करणारी एक कार्यशाळा आहे, तिच्यात एक वर्ष शिकायला मिळणार होतं, राहण्याच्या सोयीसकट. कापूरहोळच्या गॅरेजातून बाहेर पडायचं असलं तर प्रेमला एवढं एकच दार होतं. त्याची आई सरूबाई गुरुवारी वेल्ह्याहून मुद्दाम आली होती, त्याच्यासाठी नवी बॅग घेऊन. माझ्या मशिनवर ती बॅग ठेवून म्हणाली, "निवड व्हायच्या आदीच घेतली म्हून हसू नका, बाई." मी हसले नव्हते.

घडवणाऱ्याचं नाव कुणाचं, यावर महिन्यापूर्वी मतं घेतली. शिवानी आणि गोरख म्हणाले प्रेम. राजनंदिनी म्हणाली मी. ती दोन दिवस जेवली नाही, मग जेवायला लागली. मी समजले, विषय संपला.

सव्वासात झाले असतील. प्रेमची गाडी बाहेर थांबली. तो आत आला, खुंटीकडे पाहून जागच्या जागी थांबला. मग ढिगापाशी बसला. एक खवला उचलून त्यानं उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"नाटक नको," गोरख म्हणाला. "काल सात वाजता सगळ्यात शेवटी कोण भायेर पडलं? तू. कुलूप तुटलंय का? न्हाई. किल्ल्या दोन. एक मावशींकडं, एक तुज्याकडं. बाटली तुजी."

"म्या का करीन?"

"पुण्याच्या त्या ग्रुपची हेल्मेटं कुणी रंगवली? गेल्या म्हयन्यात? फोटो बगितलेत म्या तुज्या मोबाईलवर. त्येबी आजच उतरणारेत ना स्टेजवर?"

शिवानीनं रडणं थांबवलं. "प्रेम? आमाला सांगितलं न्हाईस तू."

"रंगवून दिली, व्हय. रंगाऱ्याला कुणी रंगवाय बोलीवलं तर जातो तो. तेवढंच."

"ह्यांचं असंच असतं," गोरख पुटपुटला.

ह्यांचं म्हणजे कुणाचं, ते त्या खोलीत कुणी विचारलं नाही. प्रेमनं ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. मी त्या वेळी काही बोलले नाही, आणि त्या सकाळी मी जे जे बोलले नाही त्यातलं हे पहिलं.

गोरखनं मोबाईल काढला. "फॉर्म म्या भरलाय. नऊपर्यंत नाव बदलता येतं. ज्यानं कपडा नासवला, त्येचं नाव म्या स्टेजवर वाचून देणार न्हाई. राजनंदिनीचं टाकतो."

"थांब," शिवानी म्हणाली. "मावशींना बगू दे की आदी."

सगळे माझ्याकडे वळले.

३

भोरमध्ये माझं थोडं नाव आहे. लग्नात बदललेला शालू कुणाच्या घरी गेला ते मी काठाची शिवण बघून सांगितलं होतं. पतसंस्थेचा हरवलेला शिक्का एका कोटाच्या अस्तरातून काढून दिला होता. तेव्हापासून लोक मला रत्नाबाई फौजदार म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण काही हरवलं की येतात माझ्याकडेच. कापडाला बोलतं करायला फार अक्कल लागत नाही. उलटं करून बघायचं, एवढंच. माणसं पुढची बाजू सजवतात, आतल्या बाजूला सगळं खरं असतं.

"नऊच्या आत सांगते," मी म्हटलं. घड्याळात साडेसात झाले होते.

प्रेमला मी पुढच्या खोलीत घेतलं. तो स्टुलावर बसला नाही.

"काल काय काय केलंस?"

"पाठीला शेवटचा हात मारला रंगाचा. ब्रश धुतले. बाटली अर्धी व्हती, बूच लावून खिडकीत ठिवली. सातला कुलूप घातलं."

"तेव्हा खवले घट्ट होते?"

"वरनं घट्ट दिसत व्हते."

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"न्हाई. माज्या खिशातच व्हती." मग त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "दुसरी तुमच्याकडं असती, मावशी."

"माझी खिळ्याला आहे. आणि आतलं दार?"

"आतलं दार तुमच्या घरातनं उगडतं," तो म्हणाला. "मला काय म्हाईत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "तुला कुणाचा संशय आहे?"

"तुमी बगताय ना," तो म्हणाला. "मग बगा की. म्या थांबतो."

बाहेर जाताना त्यानं मशिनवरची बॅग उचलून खाली ठेवली, मला हात टेकायला जागा व्हावी म्हणून.

४

शिवानी बोलायला लागली की थांबत नाही. तिच्याकडून मला कळलं ते असं.

शुक्रवारी तिनं पोशाख अंगावर घालून पाहिला तर वाकता येईना, कमरेत धरायचा. राजनंदिनीनं खालच्या पाच ओळी सोडवल्या आणि जरा सुट्या करून परत लावायच्या ठरवल्या.

"कोण लावत होतं?"

"मी आन राजू. मी साडेपाचला गेले, आत्याकडं पाव्हणे व्हते. राजू बसली व्हती."

"खुणा कशानं करता तुम्ही? कुठला खवला कुठं बसवायचा त्या?"

"पेननं. समद्या ओळींना पेनच्या टिकल्याच हायत." मग घाबरून, "का मावशी?"

"काही नाही. सोल्युशन लावून किती वेळ थांबायचं?"

"धा मिंटं. दोन्हीकडं लावायचं, वाळू द्यायचं, बोटाला चिकटंना झालं की मंग दाबायचं. प्रेमनं शिकीवलंय तसं. एकदा धरलं की कातडं निगंल पर खवला न्हाई निगायचा."

गोरखला मी एवढंच विचारलं की शनिवारी तो खोलीत आला होता का. नव्हता. दिवसभर टेम्पो घेऊन तो मार्केटला होता आणि त्याच्या मोबाईलमध्ये त्याचे फोटोही होते. मी न विचारता त्यानं ते दाखवले. गोरख वाईट नाही. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ज्याच्यावर ओरडलं तर उलट कुणी भांडायला येत नाही, असा एक जण समोर होता.

राजनंदिनीला मी काही विचारलं नाही. ती ओट्यापाशी डबे भरत होती. नुसतं म्हटलं, "चहा घेतलास का?" तिनं मान हलवली. हात तिनं इतके धुतले होते की बोटांची टोकं सुरकुतली होती.

मग मी एकटी मागच्या खोलीत गेले आणि अंगरखा खुंटीवरून काढला.

थिनर म्हणजे रंगाचा वैरी. लटकत्या पाठीवर ते कुणी ओतलं असतं तर प्रेमचा रंग विरघळून खाली ओघळला असता, उरलेले खवले पुसट झाले असते, कापड भिजलं असतं. तसं काहीच नव्हतं. पाठ कोरडी. रंग जसाच्या तसा. थिनर होतं ते फक्त जमिनीवर आणि ढिगाच्या वरच्या दहा-पंधरा खवल्यांवर. ढिगातल्या खालच्या खवल्यांना ते लागलंही नव्हतं.

म्हणजे थिनरनं खवले पडलेच नव्हते. खवले आधी पडले होते, आपोआप. थिनर नंतर कुणीतरी ओतलं होतं.

ज्याला पोशाख बिघडवायचा असतो तो बिघडलेल्यावर थिनर कशाला ओतेल? ओतणाऱ्याला झालेली चूक लपवायची होती. चुकीनं पडलं असं दिसण्याऐवजी मुद्दाम पाडलं असं दिसायला हवं होतं. आणि गाड्या रंगवणारा माणूस असा बावळटपणा कधी करणार नाही, कारण थिनर पहिल्यांदा कशाला खातं हे त्याला झोपेतही ठाऊक असतं.

एवढं सांगितलं असतं तर प्रेम त्याच क्षणी सुटला असता. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पण एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. त्या पाच ओळी लावल्या कुणी?

मी अंगरखा परत खुंटीला अडकवला.

५

यानंतरचा पाऊण तास मी काय केलं, ते सांगायची मला लाज वाटते. पण सांगते.

मी तपास केला. खिडकीची जाळी हलवून पाहिली. बाहेरच्या कुलपावर बोट फिरवलं. शेजारच्या धोंडाबाईला जाऊन विचारलं, रात्री मांजर-बिंजर ऐकू आलं का. ती म्हणाली न्हाई, तर मी पुन्हा विचारलं. गोरखला विचारलं, पुण्याच्या त्या ग्रुपमधलं कुणी इकडं आलं होतं का. त्यानं चार जणांना फोन लावले. प्रत्येक फोनला पाच मिनिटं गेली. मी त्याला अडवलं नाही.

साडेआठला त्यानं विचारलं, "मावशी, कळलं का?"

"बघते आहे," मी म्हटलं.

पावणेनऊला परत विचारलं. "प्रेमनं केलं न्हाई असं तुमी म्हन्ता का? तेवढं सांगा. म्या नाव ठिवतो."

खोलीत सगळे होते. प्रेम दारापाशी, शिवानी खाली बसलेली, राजनंदिनी डब्यांची पिशवी हातात घेऊन. माझी मुलगी जमिनीकडे बघत होती. बारावीला दोनदा बसलेली, दिवसभर दुसऱ्यांच्या ब्लाउजांना हुक लावणारी माझी मुलगी. मुंबई, एक वर्ष, राहायची सोय. मला काय काय दिसलं त्या एका क्षणात, ते इतर कुणा आईला सांगायला नको.

"अजून नक्की नाही म्हणता येत," मी म्हणाले.

गोरखनं मोबाईलवर अंगठा फिरवला. दोन मिनिटं लागली असतील. "बदललं," तो म्हणाला. "घडवणारी राजनंदिनी."

राजनंदिनीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. प्रेमनं चप्पल काढली आणि तो आत आला.

मला वाटलं तो भांडेल. तो ढिगापाशी मांडी घालून बसला. "कपडा तर न्यायचाच हाय ना," म्हणाला. "सोल्युशन कुटंय?"

शिवानीनं डबा दिला. त्यानं खिशातून स्वच्छ फडकं काढलं. एक खवला घेतला, उलटा केला, फडक्यानं पुसला, उजेडात धरून पाहिला, परत पुसला. मग दुसरा. मग तिसरा. मी समोरच बसले होते. फडक्यावर पांढरे पट्टे उमटत होते. तो एकेक पट्टा घडीत घालायचा आणि नवी बाजू वर काढायचा, सावकाश.

थिनरचा डाग तो पुसतच नव्हता. खालचं पांढरं पुसत होता.

त्याला माहीत होतं. मी ताडकन उठले.

"गोरख," मी म्हणाले, "मोबाईल काढ. प्रेमनं केलेलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती.

६

मी सगळं क्रमानं सांगितलं, शालूच्या वेळी सांगितलं होतं तसंच. पाठीचा रंग ओघळलेला नाही, म्हणून खवले आधी पडले आणि थिनर नंतर आलं. नीट लावलेला खवला आपोआप पडत नाही, म्हणून या पाच ओळी लावतानाच काहीतरी चुकलं होतं. पडलेला खवला मी उलटा करून त्यांच्यापुढे धरला.

"ही पांढरी रेघ बघा. पेननं केलेल्या टिकल्या वरच्या ओळींना आहेत. या पाचांना रेघा आहेत, खडूच्या. शिवणाच्या खडूच्या. सोल्युशन फोमला धरलंच नाही, खडूच्या भुकटीला धरलं. शनिवारी दिवसभर पत्रा तापला, शेपटीचं वजन खाली ओढत राहिलं, आणि रात्रीत ओळी सुटल्या."

"पर खडू तर..." शिवानी म्हणाली आणि थांबली.

"हो. आपल्यात खडूनं खूण करायची सवय एकीलाच आहे. मीच लावलेली. आठ वर्षांची होती तेव्हापासून सांगत आले, खडूची रेघ मारल्याशिवाय कात्री लावायची नाही." माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. "सहा वाजता आतली कडी वाजली. मी ऐकली. तिनं येऊन पाहिलं तेव्हा खवले पडलेले होते. बाटली खिडकीत होती. थिनरचा वास जावा म्हणून तिनं नंतर डोक्यावरून अंघोळ केली."

राजनंदिनी पिशवीसकट खाली बसली.

"जुन्या सोल्युशनच्या थरावर पेन उमटंना, आई," ती म्हणाली. "म्हून खडू घेतला. सकाळी आले तर सगळं खाली. मला वाटलं, आता तुमी सगळे म्हनणार, एवढं एक काम दिलं हिला तेबी जमलं न्हाई. बाटली समोर व्हती. ती कुणाची हाय ते माज्या मनातबी न्हवतं गं."

"आन नाव बदललं तवा?" शिवानीनं विचारलं. "तवा कुटं व्हतं मन?"

राजनंदिनी पिशवीचे बंद आवळत राहिली. तिचं उत्तर मला पाठ होतं, माझंही तेच होतं.

गोरख पुन्हा पुन्हा मोबाईल दाबत होता. फॉर्म उघडत नव्हता. त्यानं आयोजकांना फोन लावला, तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, नऊनंतर बदल होत नाहीत सर, सिस्टीमच बंद होते. त्यानं शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग फोन ठेवला. प्रेमकडे न बघता म्हणाला, "चुकलं माजं."

"मी घालनार न्हाई," शिवानी म्हणाली. "प्रेमचं नाव न्हाई तर मीबी न्हाई."

"पाच म्हयने रंगीवलीय म्या तिला," प्रेम म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. दोन्हीकडं सोल्युशन लावून खवले त्यानं ओळीनं मांडले होते आणि तो ते वाळायची वाट बघत होता. "ती हितं खुंटीला ऱ्हायची न्हाई. धा मिंटांत पाठ व्हती बगा. शिवानी घालंल. राजूला घेऊन जावा. फॉर्मवरचं मानूस संगं नसलं तर ते आत घेनार न्हाईत."

"आन तू?" गोरखनं विचारलं.

"म्या कशाला? माजं नाव कुटंय?"

त्यानं पाचही ओळी लावल्या. एकेक खवला दोन्ही अंगठ्यांनी दाबत, घाई न करता. कुणी मदत करायला पुढे झालं नाही, कारण कुणाची हिंमत नव्हती. दहा वाजता खवलीण टेम्पोत चढली. राजनंदिनी सगळ्यात शेवटी चढली, तिला गोरखनं हाताला धरून चढवलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काय सांगायचं होतं तिला, जा की जाऊ नको? मी हात हलवला, इतर दिवशी हलवते तसाच.

टेम्पो गेल्यावर प्रेमनं आपले ब्रश गोळा केले. मी दारात उभी होते. त्याला बस म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

"मावशी, एक इचारू?"

"विचार."

"तुमाला कधी कळलं?"

मी म्हणू शकले असते, आत्ता. तू पुसायला बसलास तेव्हा. त्यानं ते मानलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात तो कदाचित चहाला आलाही असता.

"पहिला खवला उलटा केला तेव्हाच," मी म्हणाले. "बोटाला पांढरं लागलं. मी पीठ म्हणून पुसलं. नाचणीचं पीठ कुठं पांढरं असतं. तू यायच्याही आधी, प्रेम."

त्यानं हातातले ब्रश बॅगेत टाकले. सरूबाईंनी आणलेल्या बॅगेत तेवढंच सामान होतं.

"मला वाटलं, तुमाला उमगंना झालंय," तो म्हणाला. "म्हून तर म्या तुमच्या म्होरं पुसत बसलो. तुमाला दिसावं म्हून."

त्यानं बॅग पाठीला लावली, गाडीला किक मारली आणि तो कापूरहोळच्या रस्त्याला लागला.